सात नंबरची जागा

यंत्र कारखान्यात आलं त्या दिवशी पेढे वाटले होते, हे सारिका मगदूम पुढे कधी विसरली नाही. कारखान्याचे व्यवस्थापक मोहिते साहेब. त्यांनी स्वतःच्या हातानं दवाखान्याच्या दारात नारळ फोडला, यंत्राला हार घातला आणि भाषण केलं. आजपासून आपल्या एकाही कामगाराला दमा होणार नाही, असं ते म्हणाले. सारिका त्याच दवाखान्यातली नर्स. चौदा वर्षं ह्या लोकांचे खोकले ऐकून तिचे कान किटले होते. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या तिनंच वाजवल्या.

कारखाना फोमचा. मिरजेपासून अर्ध्या तासावर, खटाळवाडीच्या माळावर नवी औद्योगिक वसाहत झाली, तिथला. बसगाड्यांच्या आणि विजेवरच्या रिक्षांच्या गाद्या तिथे तयार होत. दोन पातळ रसायनं साच्यात एकत्र ओतली की दूध उतू यावं तसा फोम फुगून वर येतो. बघणाऱ्याला मोठी मौज वाटते. पण त्या दोघांतलं एक रसायन म्हणजे आयसोसायनेट, आणि सगळी खोट त्याच्यात. ओतताना त्याची वाफ सुटते. नाकाला तिचा वास यायच्या आधीच ती फुप्फुसाला नको तेवढी झालेली असते.

ह्या वाफेचा स्वभाव मोठा कावेबाज. माणूस वर्षभर, दोन वर्षं तिच्यात वावरतो आणि त्याला काही होत नाही. मग शरीराची राखण करणारी यंत्रणा एक दिवस तिला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. सगळ्यांची शिकत नाही, शंभरातल्या पाच-दहा जणांची शिकते. पण एकदा शिकली की ती सहसा विसरत नाही. त्यानंतर नखाएवढी वाफ पुरते, श्वासनळ्या आवळून येतात आणि माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तोंड उघडतो. ह्यावर खरा इलाज एकच, त्या हवेतून कायमचं बाहेर पडणं. आणि बाहेर पडायची वेळ झालीय हे माणसाला कळतं तोवर फार उशीर झालेला असतो.

यंत्र हे आधी ओळखत असे. रक्ताच्या एका थेंबावरून ते जनुकं वाचायचं. मग दर तीन महिन्यांनी कामगारानं नळीत श्वास फुंकायचा. आतून सुजू लागलेल्या श्वासनळ्या नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतात. यंत्र ते मोजायचं, श्वासातले आणखी चाळीसेक रेणू मोजायचं, लाखो कामगारांच्या जुन्या नोंदींशी ताडून बघायचं आणि सांगायचं, की ह्या माणसाला तीन वर्षांत दमा होण्याचा धोका किती. पडद्यावर माणसाचं नाव हिरवं तरी व्हायचं, पिवळं तरी, नाहीतर लाल. कंपनीनं त्याला काहीतरी संस्कृत नाव दिलं होतं. लाईनवरच्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव फुंकणी ठेवलं. घरी चुलीपुढं फुंकायचं, हितं येऊन बी फुंकायचंच, असं म्हणून त्या हसल्या, आणि तेच नाव राहिलं.

फुंकणीबरोबर एक नियमही आला. नाव लाल झालं की नर्सनं अंगठा लावायचा आणि चोवीस तासांत त्या कामगाराला कामावरून हटवायचं. त्याचं कार्ड मग कुठल्याच स्टँडला, म्हणजे साच्यापुढच्या कामाच्या जागेला, चालत नसे, आणि कार्डाशिवाय स्टँड सुरू होत नसे. एकदा लाल झालेलं पुन्हा हिरवं करायचा अधिकार फक्त जिल्ह्याच्या कामगार-आरोग्य निरीक्षकाला. माल अडला म्हणून कुणी व्यवस्थापकानं आजारी माणसाला परत लाईनवर ढकलू नये, ह्यासाठी ही तरतूद. कंपनीनं ती मोठ्या हौसेनं मान्य केली होती. जाहिरातीत ती फार शोभायची.

फुंकणी आली आणि आठवड्यातून दोनदा येणारे म्हातारे डॉक्टर उपाध्ये निवृत्त झाले. त्यांची तपासणी म्हणजे एकच प्रश्न असायचा. खोकणाऱ्याला समोर बसवायचे आणि विचारायचे, "सुट्टीत बरं वाटतं का?" हो म्हणाला की चिठ्ठीवर खूण करायचे. सारिकाला तेव्हा त्यांची कीव यायची. इतकी शिकलेली माणसं आणि असला अडाणी प्रश्न, असं तिला वाटे.

पहिल्याच फेरीत अकरा जण लाल निघाले. सारिकानं अकरांना समजावलं, की हे तुमच्या भल्यासाठी आहे, आजार व्हायच्या आधी सुटलात. ती मनापासून बोलत होती. कंपनीनं ह्या हटवण्याला आरोग्यविराम असं गोड नाव दिलं. विराम कसला? माणसं कंत्राटावरची, त्यांचं कंत्राट संपलं. आणि लाल कार्डाची नोंद वसाहतीतल्या सगळ्या फाटकांवर दिसायची, त्यामुळे दुसरा कुठलाही कारखाना त्यांना आत घेईना. होणाऱ्या दम्याचं लचांड कोण गळ्यात घेईल?

त्या अकरांत सात नंबरच्या स्टँडवरचा दस्तगीर नदाफ होता. त्याच्या बापजाद्यांनी कापूस पिंजून गाद्या भरल्या, हा फोमच्या गाद्या भरायचा. सहा महिन्यांनी सारिकाला तो मिरजेच्या बाजारात दिसला. भुवया, पापण्या, कानाची पाळी, सगळं पांढरं. खडीच्या क्रशरवर लागलोय म्हणाला. सारिका हबकली. ज्याची फुप्फुसं नाजूक म्हणून त्याला हटवलं, तो दगडाच्या भुकटीत आठ तास उभा राहतो?

"तिथं फुंकाय लावत न्हाईत, सिस्टर," दस्तगीर शांतपणे म्हणाला. "त्यास्नी फुप्फुसाचं काय पडलंय?"

ती घरी आली ती उदास होऊन. पण तिनं स्वतःची समजूत घातली. यंत्रानं त्याचं काम केलं, पुढचं सरकारनं बघावं. माणसाला झोप लागावी म्हणून मन असल्या बऱ्याच समजुती तयार ठेवतं.

सात नंबरवर मग रेश्मा ऐवळे आली. नऊ महिन्यांत ती लाल झाली. तिच्या जागी विलास कोळेकर आला, तोही वर्षाच्या आत गेला. आणि मग सारिकानंच शब्द टाकून तिथे पूनमला लावलं. पूनम तिची भावजय, धाकट्या भावाची, उमेशची बायको. अंगानं काटक, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिची जनुकं चांगली निघाली, आणि तिचं नाव दर फेरीला हिरवंगार. सारिकाला त्याचा अभिमान वाटायचा, जणू चांगली फुप्फुसं हा मगदूम घराण्याचाच गुण.

दुसऱ्या वर्षी पूनमला खोकला लागला. रात्री पाठीला उशी लावून बसायची. दिवाळीत आठ दिवस माहेरी, जतकडे गेली आणि खडखडीत बरी होऊन आली. कामावर गेली आणि तिसऱ्या दिवशी खोकला पुन्हा सुरू. उमेश अक्काकडे आला आणि म्हणाला, तिला त्या लाईनवरून काढ. सारिका त्याच्यावर जवळजवळ खेकसलीच. यंत्र हिरवं दाखवतंय, तुझ्या कानांपेक्षा यंत्राला जास्त कळतं, असं तिनं त्याला सुनावलं. सुट्टीत बरं वाटतं का, हा प्रश्न तिच्यासमोर उभा राहून ओरडत होता. तिला तो ऐकू आला नाही.

श्रावणातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, पूनम सात नंबरवर कोसळली. चौघींनी तिला उचलून दवाखान्यात आणलं तेव्हा तिचे ओठ जांभळे झाले होते. छातीतून आधी शिट्टीसारखा आवाज येत होता, मग तोही येईना, आणि आवाज थांबणं हे जास्त वाईट हे सारिकाला ठाऊक होतं. तिनं प्राणवायू लावला, वाफेतून औषध दिलं, इंजेक्शन दिलं. हात आपोआप चालत होते. नजर मात्र पडद्यावर गेली. पूनम मगदूम, धोका चार टक्के, हिरवा.

मिरजेच्या इस्पितळात पूनम तीन दिवस यंत्राच्या श्वासावर होती. चौथ्या दिवशी नळी काढली. सारिका शेजारी बसली होती. पूनमनं तिच्याकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अक्का, रागावू नका. मी विडी वढत होते."

सारिकाला आधी कळेचना. मिश्री लावणाऱ्या बायकाही विडीचं नाव काढलं की नाक मुरडायच्या, आणि ही विडी ओढते? पूनमनं थांबत थांबत सगळं सांगितलं. विडी ओढणारी माणसं कधी लाल होत नाहीत, हे लाईनवर कुणाच्यातरी लक्षात आलं होतं. मग फुंकणीच्या दिवशी सकाळी बायका संडासामागं उभ्या राहून दोन-दोन विड्या ओढू लागल्या. पहिल्यांदा ओकाऱ्या झाल्या, मग सवय झाली. पाळी सुटताना कंपनी प्रत्येकाला गुळाचा खडा देते, गुळानं छातीतलं वाईट निघून जातं अशी जुनी समजूत. तो खडा त्या दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायच्या आणि वास जावा म्हणून लवंगेबरोबर चघळायच्या. यंत्र विचारायचं, धूम्रपान करता का? सगळ्या नाही म्हणायच्या.

प्रत्येक फेरीला सारिकाला तो गूळ-लवंगेचा वास यायचा. बायका नटून-थटून फुंकायला येतात म्हणून तिला हसू यायचं. आणि शास्त्र तर तिला पाठ होतं. तंबाखूच्या धुरानं श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड काही काळ दबतं, हे डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. म्हणून तर यंत्र तो प्रश्न विचारायचं. पण खरं बोलल्यावर ज्याची भाकरी जाणार आहे, त्यानं खरं बोलावं अशी अपेक्षा करणारा गाढव कोण? फुप्फुसं वाचवायला आणलेल्या यंत्रानं पन्नास बायकांना विडी ओढायला शिकवलं होतं.

"किती जणी?" तिनं विचारलं.

"सगळ्याच," पूनम म्हणाली. "तुम्हांला कोण सांगणार? अंगठा तुमचाच की."

सारिका इस्पितळाच्या जिन्यात येऊन बसली. डोळ्यांत पाणी यावं असं तिला वाटलं, पण आला तो संताप. पूनम आता जन्मभर ताज्या रंगाच्या, पॉलिशच्या वासाला भिऊन राहणार. कुठे धूर दिसला की पदर नाकाला लावणार. तिचं वय तेहतीस. आणि आपण तिला हिरवी म्हणून मिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली आणि तीन वर्षांच्या नोंदी उघडून बसली. आजवर तिनं त्या नावानं लावल्या होत्या. आता तिनं त्या उभं राहायच्या जागेनं लावल्या. एकतीस लालांपैकी तेवीस जण, तिन्ही पाळ्या मिळून, सहा, सात आणि आठ नंबरचे होते. सात नंबरवर उभं राहिलेला एकही माणूस दोन वर्षं टिकला नव्हता. चांगल्या जनुकांचा नाही, वाईट जनुकांचा नाही. तिनं लाईनवर जाऊन वर पाहिलं. वाफ ओढून नेणारं धुराडं बरोबर सात नंबरच्या डोक्यावर काटकोनात वळलं होतं. वळणाशी ओढ मरते, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. चार वर्षांपूर्वी पाहुण्यांना फोम फुगताना बघता यावा म्हणून वर काचेची गॅलरी बांधली, तेव्हा धुराडं आड येतं म्हणून ते वाकवलं होतं.

तिनं फुंकणी बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा इंजिनीअर पोरगेला आणि भला होता. तो म्हणाला, मॅडम, हे तर यंत्र स्वतःच काढतं. धोक्यातला माणसाचा वाटा किती आणि जागेचा किती, हे दुसऱ्या पानावर येतं. तुमच्याकडे ते पान बंद ठेवलंय, तुमच्या व्यवस्थापनानं तसं लेखी कळवलं होतं. पण उघडायचा अधिकार आरोग्य-कर्मचाऱ्याला असतोच, सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते.

सारिकानं खूण केली.

पान उघडलं. स्टँड सात, धोक्यात जागेचा वाटा एक्क्याऐंशी टक्के, लाल. विड्यांनी झाकलेले हिरवे आकडे धरूनसुद्धा लाल. पहिली तारीख तीन वर्षांपूर्वीची होती, पेढे वाटल्यानंतर पाचव्या महिन्यातली. यंत्र तेव्हापासून रोज हे सांगत होतं आणि ऐकणाऱ्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. पानाच्या तळाशी, माणसाच्या पानावर असायचं तेच बटण होतं, हटवा. शेजारी अंगठ्याची चौकट.

ती तो कागद घेऊन मोहिते साहेबांकडे गेली. माणूस रागीट नव्हता, हेच जास्त चीड आणणारं. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला. धुराडं सरळ करायचं तर लाईन वीस दिवस बंद ठेवावी लागेल आणि गॅलरी पाडावी लागेल, हंगामात ते कसं शक्य आहे, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं. मग ते म्हणाले, की खरा प्रश्न विड्यांचा आहे. धूर ओळखणारी नवी पट्टी फुंकणीला बसवू, ओढणाऱ्यांवर कारवाई करू. पूनमच्या अपघाताच्या अहवालात सारिकानं एवढंच लिहावं, की कामगारानं धूम्रपान लपवलं होतं.

"सिस्टर, हवा सगळ्यांना एकच आहे," ते म्हणाले. "फुप्फुसं वेगवेगळी. आपण योग्य फुप्फुसं निवडायची."

चवळी निवडावी तशी ही माणसं फुप्फुसं निवडत होती. आणि निवडून द्यायला सूप हातात घेऊन बसली होती सारिका स्वतः. तिनं चहा घेतला नाही. "अहवाल लिहिते, साहेब," एवढंच म्हणाली आणि उठली.

दवाखान्यात येऊन तिनं फुंकणी सुरू केली. दुसरं पान उघडलं. स्टँड सात, लाल, हटवा. अंगठा ठेवताना तिला दस्तगीरच्या पांढऱ्या भुवया आठवल्या. एकतीस वेळा माणसांवर हाच अंगठा लावला होता. आज तिनं तो जागेवर दाबला. मग सहा नंबर, मग आठ.

सात नंबरचा दिवा विझला. साच्यांची माळ एकामागून एक जोडलेली, त्यामुळे पुढचं सगळंच थांबलं. बायका माना वर करून बघू लागल्या. पाच मिनिटांत मोहिते साहेब दवाखान्याच्या दारात. ह्या वेळी त्यांच्या आवाजात समजूत नव्हती. हे कुणी केलं, ताबडतोब उलटं करा, म्हणाले.

"निकाल लाल आहे," सारिका म्हणाली. "उलटं फक्त निरीक्षक करू शकतात. तुमचाच नियम आहे, साहेब. जाहिरातीत लिहिलाय."

त्यांनी तिला घरी पाठवायची भाषा केली. पाठवा, म्हणाली ती, पण दवाखान्यात नर्स नसेल तर कायद्यानं लाईन तशीही चालवता येत नाही. एवढ्यात दार ढकलून बायका आत येऊ लागल्या. पहिलीनं कमरेच्या पिशवीतून विड्यांचं अर्धं बंडल काढून टेबलावर ठेवलं आणि समोरच्या स्टुलावर बसली. सारिकानं फुंकणी बाजूला सारली, कागद पुढे ओढला आणि तिला विचारलं, सुट्टीत बरं वाटतं का. बाई म्हणाली, हो, लई बरं वाटतं. संध्याकाळपर्यंत सारिका तेवढंच विचारत होती आणि तेवढंच लिहीत होती.

निरीक्षक दोन दिवसांनी आले. त्यांनी यंत्राचं पान पाहिलं, बायकांची उत्तरं वाचली, वर धुराड्याकडे पाहिलं, धुराडं सरळ करायला लावलं, आणि वीस दिवस म्हटलेली लाईन सत्तावीस दिवस बंद राहिली. गॅलरी पाडली. धुराडं सरळ झालं, नवा पंखा बसला. यंत्रावर सात नंबर हिरवा झाला त्या दिवशी मोहिते साहेबांनी पुन्हा पेढे वाटले, आणि पुन्हा भाषण केलं. ह्या वेळी सारिकानं टाळ्या वाजवल्या नाहीत.

तिनं चार पेढे कागदात गुंडाळले. दोन पूनमला दिले. पूनमनं ते मुलीच्या हातावर ठेवले आणि खिडकी लावून घेतली, शेजारी कुणीतरी दाराला रंग देत होतं. उरलेले दोन घेऊन सारिका माळापलीकडच्या क्रशरवर गेली. दस्तगीर भुकटीतून बाहेर आला तो आधी खोकला. ती तो खोकला ऐकत उभी राहिली. मग तिनं त्याला सगळं सांगितलं, जागा हिरवी झाल्याचंही सांगितलं.

दस्तगीरनं हात झटकून पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

"जागा बरी झाली म्हणता," तो म्हणाला. "मग आता मला कवा हिरवा करतासा?"

जागा हिरवी करायला सत्तावीस दिवस लागले, पण माणसाला लालाचा हिरवा करायचा अर्ज कसा असतो हे निरीक्षकांच्या कचेरीतही कुणाला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांत कुणी मागितलाच नव्हता. सारिकानं पिशवीतून हातानं लिहिलेला कागद काढला. एकतीस नावं होती, पहिलं दस्तगीरचं. खाली तिनं स्वतःची सही केली होती, आणि सहीशेजारी अंगठाही उठवला होता.

"हितं सही करा," ती म्हणाली, "आणि एक सांगा. सुट्टीत बरं वाटतं का?"

"सुट्टी कुठली, सिस्टर?" दस्तगीर म्हणाला, आणि पेन घ्यायला त्यानं सदऱ्याला हात पुसला.